नकाशात नसलेला खानदेश

कुठल्याही वेबसाईटवर फॉर्म भरताना महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची यादी उघडून बघा. जळगाव सापडेल, धुळे सापडेल, नंदुरबार सापडेल. 'खानदेश' सापडणार नाही. इंग्रजांनी १९०६ साली मूळ खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी त्या तुकड्यांची नावं जळगाव आणि धुळे अशी झाली. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे सरकारी कागदावरून खानदेश पुसला गेल्याला साठ वर्षं कधीच उलटून गेली.

तरीही हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये आमच्याकडच्या पोराला "कुठला रे तू?" असं विचारा. जळगाव जिल्हा, भडगाव तालुका वगैरे तो नंतर सांगेल. आधी म्हणेल, "खानदेशातला." आणि समोरचा लगेच म्हणेल, "अरे वा, शेवभाजी!"

तर मंडळी, या विकांताचा विषय हाच. ज्याला हद्द नाही, कलेक्टर नाही, ज्याच्या नावाचा पिनकोडही नाही, तो प्रदेश टिकून राहतो तो कशाच्या जोरावर? माझं उत्तर एका शब्दात आहे: जिभेच्या. जिभेची कामं दोन, बोलणं आणि चव घेणं. खानदेशाने या दोन्हींत स्वतःला जपून ठेवलं. त्यातल्या एका कामाचं सध्या उत्तम चाललंय आणि दुसऱ्याचं काही खरं नाही. पण तिथपर्यंत पोचायला आधी थोडा इतिहास चावावा लागेल.

नावांचा घोळ

खानदेश नाव आलं कुठून, यावर आमच्या गावात पारावर अजूनही वाद होऊ शकतो. एक मत असं की हा कान्हदेश, म्हणजे कृष्णाचा, गवळ्या-अहिरांचा देश. दुसरं मत, यादवांच्या काळात हा भाग आणि लगतचा नाशिक-देवगिरीचा पट्टा मिळून 'सेउणदेश' म्हणत, त्याचा अपभ्रंश. तिसरं आणि सगळ्यात सरळ मत, इथे राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांचा किताब 'खान', म्हणून खानांचा देश.

हे फारुकी शाळेच्या पुस्तकात आपल्याला एका ओळीतसुद्धा भेटत नाहीत. पण त्यांनी इथे दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलं. फिरोजशाह तुघलकाने १३७० साली मलिक राजा नावाच्या सरदाराला तापीकाठचं थाळनेर जहागीर दिलं आणि १३८२ पासून तो स्वतंत्रपणे कारभार बघू लागला. थाळनेर म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातलं गाव. फारुकींच्या कबरी तिथे आजही आहेत.

मलिक राजाचा मुलगा नसीर खान याने बुऱ्हाणपूर वसवलं आणि असीरगड घेतला. फिरिश्ता या इतिहासकाराने सांगितलेली असीरगडाची गोष्ट मोठी चटका लावणारी आहे. गडाचा मालक आसा अहिर. हजारो गाई-म्हशींचा धनी. दुष्काळात धान्याची कोठारं उघडून लोकांना जगवणारा. नसीर खानाने त्याला निरोप धाडला की माझ्यावर शत्रू चालून येतोय, माझ्या घरच्या बायकांना तुझ्या गडावर आसरा दे. आसाने दरवाजे उघडले. पालख्या आत आल्या आणि त्यांतून बायकांऐवजी हत्यारबंद शिपाई उतरले. आसा आणि त्याची माणसं मारली गेली. गोष्ट जशी घडली तशीच सांगितली गेली असेल असं नाही, पण एक गंमत बघा. गड गेला तो अहिराचा, पुढे देशाला नाव मिळालं ते खानाचं, आणि तरी त्या देशातल्या लोकांची बोली आज सहाशे वर्षांनीही 'अहिराणी'च आहे.

नाव बदलण्याचा आणखी एक प्रयत्न झाला. जानेवारी १६०१ मध्ये, बरेच महिने वेढा घातल्यावर, असीरगड अकबराच्या हाती आला आणि फारुकींचं राज्य संपलं. अकबराने हा सुभा शहजादा दानियालला दिला आणि त्याच्या नावावरून प्रांताचं नाव ठेवलं 'दानदेश'. प्रत्यक्ष बादशहाचा हुकूम, दुसरा काय पाहिजे? पण दानियाल १६०५ साली बुऱ्हाणपुरातच वारला आणि नावही त्याच्यामागोमाग गेलं. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. वरून कुणीतरी व्हेरिएबल रीनेम करून टाकलं, पण खाली हजारो ठिकाणी जुनंच नाव वापरात होतं. मग कुणाचं चालणार!

रस्त्यावरचा देश

खानदेशाचा भूगोल समजून घ्यायचा तर तापी बघायची. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीची टोकं, आणि मधून तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत सुरतेला जाते. सुरत हे मुघलांचं मोठं बंदर आणि बुऱ्हाणपूर हे त्यांचं दख्खनचं ठाणं. दोन्हींना जोडणारा रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आमच्या अंगणातून जायचा. त्यामुळे त्या काळात जो कुणी गोरा प्रवासी सुरतेहून आग्र्याकडे निघाला, त्याने खानदेश पाहिला.

१६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीराला भेटायला याच वाटेने गेला. त्याची एक तक्रार वाचून मला फार हसू आलं. सुरत सोडल्यापासून खाण्याजोगा ब्रेड मिळाला तो नंदुरबारला, तोपर्यंत सगळीकडे लोक ब्रेड न करता 'केक' करतात म्हणे. आता हे केक म्हणजे आपल्या रोट्या-भाकरी, दुसरं काय! मागून आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याची जीभ मात्र जास्त शहाणी होती. त्याने नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाची तोंड भरून तारीफ करून ठेवली आहे.

पण रस्त्यावर घर असण्याचे तोटेही असतात. १६३० साली पाऊस गेला आणि गुजरात, खानदेश, दख्खन सगळीकडे भयंकर दुष्काळ पडला. त्याच वर्षी पीटर मंडी हा इंग्रज याच रस्त्याने गेला. नंदुरबारजवळ तंबू ठोकायला प्रेतांमुळे जागा सापडेना, असं त्याचं वर्णन आहे. शाहजहान तेव्हा फौजेसकट बुऱ्हाणपुरात होता; मुमताज महल १६३१ साली तिथेच गेली. ताजमहालाची गोष्ट सांगताना आपण आग्र्यापासून सुरुवात करतो, पण ती तापीकाठच्या एका दुष्काळी वर्षात सुरू होते.

पुढे १८०३-०४ चा दुष्काळ, होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी, सगळं याच मुलखावरून गेलं. जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला. फेब्रुवारीत जनरल हिस्लॉप थाळनेरला पोचला. तिथल्या किल्लेदाराला त्याने फाशी दिलं आणि आतल्या सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली. इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा या मुलखातली कितीतरी गावं ओस पडलेली होती.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की आमच्याकडे पुणे-सातारा-कोल्हापूरसारखे वाडे, दप्तरं, घराण्यांच्या बखरी का कमी, याचं उत्तर इथे आहे. राजधानीचं शहर बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात. बाकीचा देश रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी दिलेला.

स्तुती संस्कृतात, हिशोब बोलीत

असं असलं तरी दगडावर कोरलेली एक जबरदस्त गोष्ट आमच्याकडे आहे, आणि ती प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने एकदा तरी जाऊन बघावी. भडगावहून चाळीसगाव, आणि तिथून अठराएक किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत पाटणादेवी. या पाटण गावात १२०७ सालचा एक शिलालेख सापडला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६० च्या दशकात जगासमोर आणला.

लेखातला विषय असा. 'लीलावती' आणि 'सिद्धांतशिरोमणी' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, हा यादव राजा सिंघणाचा राजज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या राजाने त्याला दान दिलं. एका लेखकाची पुस्तकं पुढच्या पिढीने वाचावीत म्हणून आठशे वर्षांपूर्वी काढलेली आणि रीतसर फंडिंग असलेली संस्था!

पण माझा खरा जीव अडकलाय तो लेखाच्या शेवटात. वंशावळी, विद्वत्ता, राजाचं कौतुक, हे सगळं संस्कृतात आहे. मग मठाचा खर्च कसा चालायचा हे सांगायची वेळ येते आणि लेख एकदम भाषा बदलतो. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून येणारं उत्पन्न मठाला, गावातल्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला, हा सगळा हिशोब त्या काळच्या लोकांच्या बोलीत, जुन्या मराठीत आहे. कारण उघड आहे. स्तुती नाही समजली तरी चालते, पण तेल्याला पळीभर तेलाचं कलम समजलंच पाहिजे. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत याची गणना होते, आणि त्यात राजाच्या पराक्रमाऐवजी तेलाचं माप लिहिलंय, हे मला फार आवडतं.

पूर, कापूस आणि आपली नोकरी

आता थोडं भडगावबद्दल. गाव गिरणेच्या काठावर. १५ सप्टेंबर १८७२ च्या रात्री गिरणेला असा पूर आला की भडगावातली सातशेच्या वर घरं गेली. त्याच वर्षी धुळ्यालाही पुराने झोडपलं. सातशे घरं म्हणजे सातशे माळे, सातशे पेट्या, त्यातले कागद, भांडीकुंडी, वंशावळी. आमच्या गावचं जुनं काय उरलं असेल, तर ते माणसांच्या तोंडी उरलं.

त्याआधीच्या दशकात कापसाने इथली दुनिया बदलली होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर खानदेशावर पडली. त्याच सुमारास रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि जळगाव नावाचं साधंसं गाव बघता बघता कापसाची पेठ झालं. भडगावला सरकारने नव्या वाणांचे प्रयोग करायला प्रायोगिक शेत काढलं. पुस्तकात आपण 'जागतिकीकरण १९९१' असं पाठ करतो. गिरणेकाठच्या शेतकऱ्याला त्याची झळ आणि नफा दोन्ही १८६० च्या दशकात समजले होते.

आणि हो, एक गोष्ट आयटीतल्या मंडळींसाठी राखून ठेवली होती. भडगावहून फार लांब नसलेल्या अमळनेरला २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी एक कंपनी काढली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. वडील अचानक गेल्यावर १९६६ साली एकवीस वर्षांचा अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आला आणि त्याने ती हातात घेतली. हीच आपली विप्रो. भुईमुगाच्या आणि तेलाच्या मुलखात उभी राहिली, आणि मग कुठे बंगळुरूची झाली. तेव्हा खानदेशातली पोरं आयटीत शिरली असं म्हणण्यापेक्षा आयटीच खानदेशातून निघाली, असं आम्ही कँटीनमध्ये ठोकून देतो. :)

ताटातला इतिहास

आता ज्याची वाट बघत इथपर्यंत आलात ते. खानदेशी जेवण म्हणजे तिखट, एवढीच ओळख बाहेर आहे. पण त्या तिखटाची गंमत अशी की मिरची मुळात इथली नाहीच. ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली, शेंगदाणाही तिकडचाच. म्हणजे आसा अहिराच्या किंवा मलिक राजाच्या ताटात ना मिरचीचा ठेचा होता ना दाण्याची चटणी. आणि आज नंदुरबारचा मिरची बाजार देशात गाजतो. चारशे वर्षांत परकी गोष्ट इतकी आपली होऊ शकते.

मग जुनं काय? माझ्या मते कळण्याची भाकरी. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र, मीठ घालून दळायचे. हे पीठ म्हणजे कळणा. त्याची भाकरी काळसर, खरपूस, आणि नुसत्या तेल-चटणीबरोबरही पोट भरणारी. धान्य आणि डाळ एकाच घासात. दिवसभर शेतात वाकलेल्या माणसाला भाजी मिळेल न मिळेल, म्हणून भाकरीतच सगळी सोय करून टाकलेली.

हे 'भाजी मिळेल न मिळेल' म्हणजे खानदेशी स्वयंपाकाची किल्ली आहे. मार्च ते जून आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला भिडतो. गिरणा-पांझरा कोरड्या पडतात, हिरवं काही दिसत नाही. मग भाजी करायची कशाची? डाळीची. बेसन शिजवून थापलं, वड्या पाडल्या आणि झणझणीत रश्शात सोडल्या, की पातोड्या. बेसनाचं पीठ चमच्याने थेट उकळत्या रश्शात सोडलं, की डुबुकवडे. भिजवलेली तूर-मुगाची डाळ भरड वाटून मुटके वाफवले, की फुनके, ते कढीबरोबर. आणि डब्यातली जाड शेव आयत्या वेळी काळ्या मसाल्याच्या रश्शात टाकली, की तुमची ती सुप्रसिद्ध शेवभाजी. चारही पदार्थ म्हणजे भाजी नसताना भाजी. विस्तवावर भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, लसूण आणि वर तर्री हे सगळं बाहेरचं लेणं. आत आहे तो उन्हाळ्याशी केलेला सौदा.

पाऊस झाला, थंडी पडली, की हाच स्वयंपाक हात सैल सोडतो. हिवाळ्यात शेतात भरताच्या पार्ट्या होतात. हिरवी, मोठाली, कमी बियांची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, सोलून लाकडी भांड्यात ठेचायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, कारण त्या काडीचा धूर त्यात नसतो. जळगावच्या या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लग्न-भंडाऱ्याची पंगत असेल तर वरण-बट्टी: जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा-हळद घालून गोळे करायचे, ते शिजवून, कापून तळायचे, वर तुरीचं वरण, बाजूला घोटलेली वांग्याची भाजी. हजार माणूस जेवलं तरी मेनू हाच, आणि कुणाचीही तक्रार नाही.

आखाजी आणि कानबाई

दोन सण असे आहेत की खानदेशी माणूस त्यासाठी रजा टाकतोच. पहिला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्रात हा सोनं घ्यायचा मुहूर्त. आमच्याकडे हा लेकींचा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. सालदाराचं जुनं साल संपतं आणि नवा सौदा ठरतो. पुरुषमंडळी पत्ते कुटतात, ते वेगळंच. आणि ताटात असते खापरावरची पुरणपोळी. उपडं ठेवलेलं मातीचं खापर चुलीवर तापवायचं आणि पुरण भरलेली पोळी लाटण्याशिवाय, नुसत्या हातांवर झुलवत, कोपरापर्यंत पसरवत मोठी करून त्यावर टाकायची. सोबत आंब्याचा रस. ही कला ज्यांना येते त्या बायका आता गल्लीत एक-दोन उरल्यात.

दुसरा सण कानबाईचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाच्या रूपात कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, त्याचा 'रोट' होतो आणि तो फक्त भाऊबंदांतच खायचा असतो. म्हणून मुंबई, पुणे, सुरत, जिथे असतील तिथून भाऊबंद गावी येतात. वर्षभर बांधावरून न बोलणारे दोन भाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसलेले मी बघितलेत. सुरतेला गिरण्यांत कामाला गेलेल्या आमच्याकडच्या लोकांनी तर कानबाई तिकडेही नेली. मुघलांच्या काळात सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्यावरून माल जायचा, आता त्याच वाटेने माणसं जातात.

ज्या अर्ध्या जिभेचं काही खरं नाही

त्या रस्त्याची सगळ्यात जुनी खूण मात्र आमच्या बोलण्यात आहे. अहिराणी ऐकताना पुण्याच्या माणसाला ती 'गावठी मराठी' वाटते. जरा कान देऊन ऐका. 'आहे'ला 'शे', शेजारी गुजरातीत 'छे'. 'गावचा, गावची'ला 'गावना, गावनी'. गुजरातीत 'गामनो, गामनी'. 'मला, तुला'ला 'माले, तुले'. वऱ्हाडात 'मले, तुले'. 'काय करतोय?'ला 'काय करी ऱ्हायना?', यात हिंदीचं 'कर रहा' आणि गुजरातीचं 'करी रह्यो' दोन्ही दिसतात. 'ळ' तर आम्ही वापरतच नाही: डोळा तो डोया, काळा तो काया, केळं ते केय. मुलगा आंडोर, मुलगी आंडेर. गुजरात, माळवा, वऱ्हाड आणि देश जिथे एकमेकांना भेटतात त्या चौकात बसून तयार झालेली ही भाषा आहे, आणि तिच्या व्याकरणात ते चारही रस्ते दिसतात. ग्रियर्सनने आपल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात १९०७ साली खानदेशीला मराठीच्या खंडात घातलंच नाही, भिल्ल भाषांच्या शेजारी वेगळी जागा दिली. ते वर्गीकरण बरोबर की चूक यावर पंडित भांडतील. पण गावठी मराठी म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही, एवढं त्यालाही कळलं होतं.

पूर्वेकडे यावल, रावेर, भुसावळ पट्ट्यात बोली बदलते, तिथे लेवा गणबोली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०-१९५१) गाणी याच बोलीतली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी जपली नसती आणि १९५२ साली ती छापली गेली नसती, तर आज जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या कवयित्रीचं आपल्याला नावही माहीत नसतं. एवढ्या बारीक दोरीवर ते सगळं लटकलेलं होतं.

आता आकडे. २००१ च्या जनगणनेत 'खानदेशी' मातृभाषा नोंदवणारे होते वीस लाखांच्या वर. २०११ मध्ये ते साडेअठरा लाखांच्या आसपास आले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, बोलणारे घटले. त्याच २०११ साली जळगाव, धुळे आणि नंदुरबारची लोकसंख्या मिळून सुमारे ७९ लाख होती. बहुतेक घरांत जनगणनेच्या माणसाला 'मातृभाषा मराठी' असंच सांगितलं जातं, त्यामुळे खरा आकडा जास्त असणार हे मान्य. पण अहिराणी बोलणारा माणूस स्वतःहून 'मराठी' सांगतो, हीच तर खरी बातमी आहे. शाळेत 'शे' म्हटलं की वर्ग हसतो. कॉलेजात आपण 'ळ' घोटून घेतो. इंटरव्ह्यूपर्यंत जीभ स्वच्छ पुणेरी होते आणि अहिराणी उरते ती फोनवर आईशी बोलण्यापुरती. पुढच्या पिढीशी, म्हणजे वाकड-बाणेरच्या फ्लॅटमध्ये जन्मलेल्या आपल्या पोरांशी, ती कुणी बोलतच नाही.

आणि त्याच वाकड-बाणेरला 'अस्सल खानदेशी' पाटीची हॉटेलं भरून वाहतात. शेवभाजीला पुण्यात मान मिळाला आणि ती जिने रांधली तिच्या भाषेला मिळाला नाही. यात पुणेकरांचा दोष फार कमी आहे. शेवभाजी आपण कौतुकाने मित्रांना खाऊ घातली; अहिराणी कुणाला ऐकवलीच नाही.

याने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. प्रमाण मराठी आहेच की. बिघडतं ते असं. आमच्या राजांची राजधानी दुसऱ्या राज्यात गेली, जिल्ह्याचं नाव सरकारने बदललं, गावातले कागद १८७२ च्या पुरात गेले. या मुलखाची आठवण ठेवणारं एकच दप्तर शिल्लक आहे आणि ते बायकांच्या तोंडी आहे: गौराईच्या गाण्यांत, कानबाईच्या गाण्यांत, म्हणींत, पोळी झुलवताना सुनेला दिलेल्या सूचनांत. ते सगळं अहिराणीत आहे. भाषांतर करता येईलही, पण भाषांतर करायला आधी ते कुणाला तरी कळलं पाहिजे. त्यासाठी आमच्या पिढीकडे फार तर वीस वर्षं आहेत, कारण ज्या आज्यांना ते पाठ आहे त्या पंच्याहत्तरीच्या पुढे गेल्यात.

अहिराणीत लिहिणारी, संमेलनं भरवणारी, शब्दकोश करणारी मंडळी आहेत आणि त्यांचं काम मोठं आहे. आपल्यासारख्या नोकरदारांना तेवढं जमणार नाही. पण खिशात रेकॉर्डर घेऊन हिंडणारी आपली पहिली पिढी आहे. मी एक साधी स्प्रेडशीट सुरू केलीये: शब्द, अर्थ, कुणी सांगितला, कुठल्या गावचा. आतापर्यंत चारशेच्या वर शब्द झाले. त्यात स्वयंपाकघरातलेच सगळ्यात जास्त, कारण आई फोनवर रेसिपी सांगताना विसरून अहिराणीत शिरते आणि मी गुपचूप लिहून घेतो. आता येत्या आखाजीला गल्लीतल्या खापरवाल्या आजींकडे एक दुपार बसायचं ठरवलंय. गाणी रेकॉर्ड करायची आहेत. पोळी किती जमेल देव जाणे.

तुमच्याही घरात अशी एखादी बोली असेल. झाडी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी, काहीही. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आईला नुसतं विचारा, भाकरी थापायच्या आधी पिठाला काय काय करतात आणि त्या प्रत्येक गोष्टीला काय म्हणतात. पंधरा मिनिटं लागतील. लिहून मात्र घ्या.